कोपभर उदक

वयनी, तुझा सिनेमा मी पाहिला.

काल पाहिला. तुझ्या बाराव्याची पानं उठली, भटजी गेले, आणि ज्या पुढच्या खोलीत सकाळी विधी झाले त्याच खोलीत दुपारी तुझ्या उमेशने पेडण्याहून भाड्याने आणलेला व्हिडिओ लावला. सुतकाच्या घरात विनोदी सिनेमा! कुणी ऐकलं तर म्हणेल, हरमलच्या लोकांना रीतभात उरली नाही. पण तू फार हरखून जाऊ नकोस. मी सिनेमा पाहिला म्हणजे आपलं भांडण मिटलं असं नाही. मी घातलेली अट पुरी झाली म्हणून पाहिला. ती कशी पुरी झाली ते पुढे सांगते.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहितात तसं मला लिहिता येणार नाही. तू कुठे जन्मलीस, कुणाची कोण, किती सोशिक, किती प्रेमळ, हे दादा लिहील. तो मास्तर होता, त्याला ते जमतं. मला तुझ्याशी बोलायचंय, कारण आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलंय, आणि अर्ध्यावर सोडलेला कुठलाही सौदा मला झोपू देत नाही हे तुला माहीत आहे.

तू साखळीहून लग्न होऊन ह्या घरात आलीस तेव्हा मी दोन वेण्यांची पोर होते. नणंद म्हणून तू मला मान द्यायला हवा होतास. तो तू कधी दिला नाहीस. पहिल्या दिवसापासून ‘मालू’. ‘मालू, उदक हाड गो,’ म्हणजे पाणी आण. ‘मालू, केस सोडून भायर वचूं नाका,’ म्हणजे बाहेर जाऊ नकोस. पुढे माझं लग्न डिचोलीला झालं, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, आणि तो गेल्यावर मी एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत ह्याच दारात उभी राहिले. आलेल्या बायका विचारत होत्या, आता किती दिवस राहणार. तू काही विचारलं नाहीस. मागच्या खोलीतल्या काजूच्या गोणी ओढून पडवीत टाकल्यास, खोली झाडलीस आणि ट्रंक आत ठेवलीस.

त्याच खोलीत मी दुसऱ्या हंगामात एक गोरा पाहुणा ठेवला आणि स्वतः तुझ्या स्वयंपाकघरात झोपले. आज समुद्राच्या बाजूला माझ्या खोल्यांची ओळ आहे. मालनबाईने सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, असं लोक म्हणतात. मीही तेच म्हणते. पण पहिली खोली तुझी होती, वयनी. हे तुला तोंडावर एकदाही म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस. ‘काजू पावसांत भिजले तुज्याखातीर,’ एवढं मात्र दरवर्षी ऐकवायचीस.

माझ्या रागाला तू नाव दिलं होतंस. आपल्याकडे पाणी प्यायच्या पेल्याला कोप म्हणतात, पोर्तुगीजांच्या वेळेपासून. दादा मराठी शिकवायचा, त्याने एकदा जेवताना सांगितलं की मराठीत कोप म्हणजे राग. झालं. त्या दिवसापासून मी तापले की तू सगळ्यांसमोर विचारायचीस, ‘मालूचो कोप भरलो काय?’ आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे आणून ठेवायचीस. मी तो पीत नसे. मग तू तो उचलून स्वतः प्यायचीस आणि म्हणायचीस, ‘घे, सोंपलो.’

तुला सिनेमाचं वेड होतं, आणि तेही एकाच जातीच्या सिनेमाचं. घरगुती, हसवणारा. सासू, सून, भाडेकरू, चुकीच्या माणसाला जावई समजलेला कुणीतरी, आणि शेवटी सगळे एकाच दिवाणखान्यात उभे. माहेरी गेलीस की साखळीच्या थेटरात गेल्याशिवाय तू परत येत नसायचीस, आणि मला बरोबर ओढायचीस. तू हसायला लागलीस की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून पाहायची. पडद्यावरचं सोडून तुला पाहायची.

आणि मी तिथे बसून काय करायची? कोण कोण आलंय ते बघायची. माझी धंद्याची नजर, ती अंधारातही जात नाही. दिवाणखाना नेहमी पुण्याचा नाहीतर मुंबईचा. कोल्हापूरचा पाहुणा आला तर मिशीवाला आणि तांबडा रस्सा मागणारा. कोकणातला असेल तर घरगडी, त्याच्या हातून कपबशा फुटणार. आणि गोव्याचा आला की डोक्यावर टोपी, फुलाफुलांचा सदरा, हातात बाटली, तोंडात मोडकीतोडकी भाषा. तो पडद्यावर आला की वाजंत्रीवाले आधीच हसायची खूण करायचे. आपल्या दादासारखा मराठी शिकवणारा गोंयकार त्या सिनेमात नाही. नारळ किसणारी, देवाला फुलं काढणारी, तुझ्यासारखी बाई नाही. म्हणजे आमच्यातला हिंदू तिथे नाहीच, आणि ख्रिस्ती आहे तो असला.

शेजारच्या रोझाबायला आपण एकदा बरोबर नेलं होतं, आठवतं? तिचा नवरा शिंपी. बाहेर आल्यावर तिने विचारलं होतं, ‘तो टोपयेवालो कोण? म्हजो घोव टोप्यो शिवता, पूण घालिना. आनी सोरो पियेल्यार ताचे टांके वांकडे जातात, देखून पियेना.’ तिचा नवरा दारू पीत नाही, कारण प्यायला तर टाके वाकडे पडतील. एवढा चांगला विनोद तिने रस्त्यावर उभ्या उभ्या केला. तो कुठल्या सिनेमात येणार?

मी चिडायची. तू चिडायची नाहीस. तुझं म्हणणं एकच. ‘हांसूं दी गो. आमकां पळयतात तरी.’ निदान बघतात तरी आपल्याला. मी म्हणायची, बघत नाहीत, टोपी बघतात. तू म्हणायचीस, टोपीच्या खाली तोंड असतंच ना, एक दिवस त्याकडेही लक्ष जाईल. मी म्हणायची, कधी? तू म्हणायचीस, ‘तुका सगळें आतांच जाय.’ तुला सगळं आत्ताच हवं. हा वाद आपण बसमध्ये सुरू करायचो आणि घरी येईपर्यंत पुरायचा. तो संपला नाही. संपायच्या आत तू गेलीस.

आणि मग ते सिनेमावाले खरोखरच आपल्या दारात आले.

भाषेचे दिवस होते ते. मराठी की कोंकणी, ह्यावरून गोवाभर मोर्चे, बंद, भावाभावांत अबोला. दादा मराठीच्या बाजूने सभांना जायचा, वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा, आणि पत्र लिहिता लिहिता आतल्या दिशेने ओरडायचा, ‘उदक हाड गो, गळो सुकलो!’ तू पेला घेऊन जायचीस आणि त्याच्या कागदावर वाकून विचारायचीस, ‘हें उदक खंयचे भाशेंत बरोवचें?’ हे उदक कुठल्या भाषेत लिहायचं? तो रागावायचा, मग हसायचा. मी मराठी शाळेत चार यत्ता शिकले, आताही मराठीतच लिहितेय, आणि तहान लागली की माझ्या तोंडून उदकच निघतं. ह्यात भांडण्यासारखं काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही. मी भांडते ते मिळण्यासारखं काहीतरी असेल तरच.

त्या दिवसांत एक मॅनेजर आला. काळा चष्मा, काखेत फाईल. त्याला आपलं घर हवं होतं, म्हणजे खरं तर विहीर हवी होती. ओसरीवरून विहीर आणि विहिरीच्या मागे समुद्र, असं एकाच नजरेत दिसणारं घर हरमलात आपलंच. मी हे पहिल्या मिनिटात ओळखलं. त्याने गोष्ट सांगितली. पुण्याचं एक कुटुंब सुट्टीला गोव्यात येतं आणि चुकून भलत्याच घरी उतरतं. घरमालकीण असते मारिया. नवरा दिवसभर पिऊन पडलेला. ती मोडकं मराठी बोलते, त्यातून गंमत होते.

‘ह्या घरात मारिया नाही,’ मी म्हटलं.

‘बाई, सिनेमा आहे. खरं थोडंच असतं?’

‘मग विहीर खरी कशाला हवी? रंगवून घ्या.’

तू स्वयंपाकघराच्या दाराआडून मला हाताने खुणावत होतीस, सोड, सोड म्हणून. मी तुझ्याकडे पाठ केली. भाडं कमी घेईन, म्हणाले. जेवण आमच्याकडून. पण बाई ह्या घरचीच हवी. नाव तिचं, लुगडं तिचं, बोलणं तिचं.

‘तिचं बोलणं लोकांना कळणार नाही हो.’

‘तुमच्या टोपीवाल्याचं कळतं?’

तो उठून गेला. तू बाहेर येऊन मला बोललीस, बरं झालं, ब्याद गेली, आता जेवायला बस. मी म्हटलं, येईल. चोपड्याच्या फेरीबोटीच्या रांगेत उभं राहिलं की माणसाला अक्कल सुचते. आणि आला की नाही परत? एक पान, एक प्रसंग, पण बाई ह्या घरची, असं कबूल करून गेला. तो गेल्यावर तू मला रागावशील असं वाटलं होतं. तू हात पुसत विचारलंस, ‘अबोलीं माळूं काय साधींच फुलां?’

तो दिवस मी विसरणार नाही. तू नेहमीचंच हिरवं लुगडं नेसली होतीस. अंबाड्यावर अबोलीचा गजरा. सासूचं काम करणाऱ्या बाई पुण्याच्या होत्या, वयस्कर, पडद्यावर कडक आणि खाली उतरल्या की गोड. त्यांनी थकून येऊन सोप्यावर बसायचं, तू पाणी आणून द्यायचं, त्यांनी प्यायचं, एवढंच ठरलं होतं. रोझाबाय, मी, अर्धा वाडा माडाखाली उभे. दिवे लागले. तू तबक घेऊन आलीस. तबकात आपला पितळी कोप. आणि तू म्हणालीस, ‘उदक घेयात.’

त्या बाईंनी हात मागे घेतला. ‘अगं बाई!’ त्या म्हणाल्या. ‘मी अजून जिवंत आहे. उदक कसलं देतेस?’

पुण्याच्या मराठीत उदक म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने सोडायचं पाणी. आपल्याकडे उदकात भात शिजतो, गाय उदक पिते, पोर उदकात खेळतं. त्या बाईंना खरंच दचकायला झालं होतं की त्यांनी मुद्दाम केलं, देव जाणे. पानावर ते वाक्य नव्हतं. आता तू अडखळणार, असं मला वाटलं. पण तू त्यांच्याकडे बघितलंस, उमेशला ताप असताना बघायचीस तशी, आणि म्हणालीस, ‘जिवंत आसात म्हूणच दितां. मेल्लें मनीस खंय घोट घेता?’

जिवंत आहात म्हणून तर देते. मेलेलं माणूस कुठे घोट घेतं!

मग दिवे धरणारा माणूस हसला, दिग्दर्शक हसला, त्या बाई तर हातातला कोप सांडेपर्यंत हसल्या, आणि सांडून उरलेलं गटागटा प्यायल्या. ‘हेच ठेवा, हेच ठेवा,’ दिग्दर्शक ओरडत होता. वयनी, इतके सिनेमे मी पाहिले, पण तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. एक शब्द, तुझ्याकडे त्याचा एक अर्थ, त्यांच्याकडे दुसरा, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर. त्या हसण्यात कुणी खाली नव्हतं. माझा सौदा फळाला आला असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच पैशाचा नसलेला सौदा केला होता.

पुढचं तुला माहीत आहे. पण मला जसं कळलं तसं एकदा ऐक.

गोवा राज्य झालं त्या सुमाराला सिनेमा लागला. आधी शहरात, मग साखळीला. तू माहेरी जाऊन बघणार होतीस, मी हंगाम संपला की येणार होते. त्याआधीच मी काही खरेदीसाठी डिचोलीच्या बाजाराला गेले. काजूवाल्याशी भाव चालला होता. मागून एक ओळखीची बाई म्हणाली, ‘काय गो मालन, तुजी वयनी सिनेमांत म्हणटा, आमच्या गोंयांत पाणी कोण पिता म्हूण! घरांत इतलो सोरो पितात तुमी?’ आणि हसत गेली.

मी भाव अर्ध्यावर टाकून बस पकडली. तसं मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तू विळीवर नारळ किसत होतीस. मी चप्पल न काढता आत आले.

‘तुझा आवाज नाही त्यात?’

‘ना.’

‘मग कुणाचा?’

‘मुंबयच्या कोणा बायलेचो. पातळ आवाज आसा म्हणटात, बरो आसा.’

‘तुला बोलावलं नाही?’

‘आपयलें. हांव वचूंक ना.’

बोलावलं, मी गेले नाही. मला वाटलं माझ्या कानात काही झालंय. ‘का नाही गेलीस?’

‘तरवो लावपाचो आसलो,’ तू म्हणालीस, आणि किसायला लागलीस. भाताची रोपं लावायची होती!

मी काय काय बोलले ते वाड्याने ऐकलं. तुझ्या तोंडी दारूचं वाक्य घातलं. जिने घरात दिवाळीला सुद्धा वाईनचा थेंब येऊ दिला नाही, तिच्या. मी त्या माणसाला फेरीवरून परत यायला लावलं, आणि तू चिखलात रोपं खोचत बसलीस. शेवटी मी म्हटलं, तुझा आवाज त्यात येईपर्यंत मी तो सिनेमा बघणार नाही. तू मान वर न करता म्हणालीस, ‘मागीर तुका खूब वर्सां रावचें पडटलें.’ मग तुला खूप वर्षं थांबावं लागेल. आणि पाण्याचा पेला भरून माझ्यापुढे ठेवलास. मी प्यायले नाही. त्या दिवशी तूही तो उचलला नाहीस. संध्याकाळपर्यंत तसाच होता.

त्यानंतर ह्या घरात त्या सिनेमाचं नाव माझ्यापुढे कुणी काढलं नाही. मी आले की बोलणं थांबायचं. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून थांबतात. तू मात्र वर्षातून एकदा विचारायचीसच, गणपतीत, सगळे जमले की. ‘मालू, पळयतली काय?’ आणि मी विचारायची, ‘आवाज आला?’ तू हसायचीस. शेवटच्या दुखण्यातही विचारलंस. मी पायाशी बसले होते. मी तेच उत्तर दिलं आणि तू इतकी हसलीस की खोकला आवरेना, दादा मला रागावला. तुला हसताना मी पाहिलं ते शेवटचं. म्हणून ते उत्तर दिल्याचं मला वाईट वाटत नाही. मऊ उत्तर दिलं असतं तर तू हसली नसतीस.

तर काल. उमेशने विचारलं, ‘बाबा, आईचो सिनेमा लावूं?’ मी म्हटलं, वेड लागलंय काय, बाराव्याला? सगळे दादाकडे बघायला लागले. दादा बारा दिवस एक अक्षर बोलला नव्हता. चारचौघांत तो कायम पुस्तकातलं मराठी बोलतो, हे तुला ठाऊक आहे. काल म्हणाला, ‘लाव रे. तिका पळोवंक जाय म्हाका.’ तिला बघायचंय मला. मी उठून माझ्या खोल्यांकडे निघाले. रोझाबायने माझं मनगट पकडलं. शिंप्याच्या बायकोची पकड. ‘बस गो.’

बसले. भिंतीकडे तोंड करून बसले. ते पुण्याचं कुटुंब आलं, चुकलं, भांडलं, लोक हसत होते. मग आपली विहीर दिसली असावी, कारण खोली एकदम शांत झाली. आणि उमेश उठला आणि त्याने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

मला वाटलं यंत्र बिघडलं. मी वळून पाहिलं. तू येत होतीस. हिरवं लुगडं, अबोली, तबक. तुझं तोंड उघडलं आणि माझ्या भोवतीच्या सगळ्या बायका, पोरं, रोझाबाय, तिचा तो शिंपी नवरा, साखळीहून आलेले तुझे भाऊ, सगळे एका आवाजात ओरडले, ‘उदक घेयात!’

तुझ्या ओठांशी ते अगदी बरोबर जुळलं. जुळणारच. आवाज दुसरीचा भरला, पण चेहरा तुझाच होता, आणि ओठ तेच म्हणत होते जे तू आपल्या सोप्यापाशी उभी राहून म्हणाली होतीस. त्या बाईंनी हात मागे घेतला, आणि पोरींनी त्यांचंही वाक्य म्हटलं, पुण्याचा हेल काढून. मग तू त्यांच्याकडे तशी बघितलीस. आणि वयनी, पुढचं वाक्य मी म्हटलं. ठरवून नाही. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. ‘जिवंत आसात म्हूणच दितां. मेल्लें मनीस खंय घोट घेता?’

बाकीचे थांबले होते. तुझ्या तोंडात माझा एकटीचा आवाज होता.

मग सगळे हसले, तेव्हा हसले होते तसेच. दादासुद्धा. डोळे पुसत हसला.

साखळीच्या थेटरात पहिल्या दिवसापासून हे असंच चाललं होतं म्हणे. तू माहेरच्या वाड्यावर घरोघर ती गोष्ट सांगितली होतीस, त्यामुळे तू पडद्यावर आलीस की पोरं त्या मुंबईच्या बाईच्या आवाजाच्या वर ओरडायची. व्हिडिओ आल्यावर तर आवाज बंद करायचीच रीत पडली. सगळ्या तालुक्याला माहीत होतं. फक्त मला नाही.

आणि दुसरी गोष्ट रोझाबायने सांगितली, भांडी घासताना. मुंबईचा फोन तिच्या नवऱ्याच्या दुकानात आला होता. तू दोन्ही हातांनी फोन धरून उभी होतीस म्हणे. ते म्हणाले, कौटुंबिक सिनेमात मेल्याबिल्याचं बोलणं नको, अशुभ वाटतं, लोक बायकामुलांना घेऊन येतात. त्याऐवजी दुसरं वाक्य घातलंय, गंमतशीर आहे, तुम्ही येऊन म्हणा. वाक्य ऐकवलं. तू ते ऐकून म्हणालीस, ‘हें सांगूंक म्हजी गरज ना. हें कोणूय सांगतलें. म्हजें तोंड तुमचेकडेन आसा, ताका कितेंय म्हणूंक लायात. हांव येवचें ना.’ हे कुणीही म्हणेल, माझं तोंड तुमच्याकडे आहे, त्याला काहीही म्हणायला लावा, मी येणार नाही. आणि फोन ठेवून रोझाबायला म्हणालीस, ‘मालूक सांगूं नाका. ती मुंबय वतली आनी म्हजो तुकडोच कापून हाडटली. मागीर म्हजें तोंडूय वतलें.’ मग माझा चेहराही जाईल.

म्हणजे तू लाजून घरी बसली नव्हतीस. रोपं वगैरे काही नव्हतं. तू त्यांना आवाज नाकारलास आणि चेहरा ठेवून घेतलास, कारण तुला ठाऊक होतं की आवाज आपली माणसं भरतील. मी जन्मभर सौदे केले, पण असला सौदा मला सुचला नसता. मी खरंच मुंबईला गेले असते. खरंच तुकडा कापून आणला असता. आणि काल आम्ही सगळे रिकाम्या विहिरीकडे बघत बसलो असतो.

तरीही मी तुला सोडणार नाही. एकदा तरी मला सांगायला हवं होतंस. गणपतीत विचारायचीस तेव्हा, हसण्याऐवजी. पायाशी बसले होते तेव्हा. ‘आवाज आला?’ म्हणून मी विचारलं आणि तू हसलीस, तेव्हा ‘आयलो’ एवढा एक शब्द म्हणाली असतीस तर मी तुझ्या शेजारी बसून तो सिनेमा पाहिला असता, आणि तू त्या थेटरातल्यासारखी हसली असतीस, आणि मी पडद्यावरचं सोडून तुला पाहिलं असतं. तू माझ्या रागाची वाट बघत बसलीस, तो आपोआप उतरेल म्हणून. तुला वाटलं वेळ आहे. तुझं हे एक गणित चुकलं, आणि त्याचा भुर्दंड मला पडला.

आज सकाळी तुझ्या फोटोपुढे मी तोच पितळी कोप भरून ठेवला. भटजींनी सांगितलं म्हणून नाही. विहिरीचं ताजं उदक, तोंडापर्यंत. मग दिवसभर खोल्यांच्या कामात होते, एका पाहुण्याशी भावावरून वाजलं, त्यात विसरले. दिवे लावायला आले तेव्हा पाहिलं.

तू म्हणाली होतीस तेच खरं निघालं. कोप होता तसाच भरलेला.